शेवटचे चौदा घाव

नऊ किलोचा घण मारायला ताकद लागते, असं ज्यांनी तो कधी उचललेला नाही ते म्हणतात. ताकद लागते ती वर न्यायला. खाली तो आपल्या वजनानेच येतो. खरी मेहनत असते ती त्याला ठरल्या जागी आणण्यात आणि ठरल्या घावाला थांबवण्यात. थांबणं ज्याला जमलं तो घणवाला. बाकीचे नुसते ओझी उचलणारे.

मोजक्याला थांबणं जमलं होतं. हे त्याचं खरं नाव नव्हे, भट्टीवर पडलेलं नाव. खाणीतल्या माणसांसाठी पहारी आणि छिन्न्या करणाऱ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याने बावीस वर्षं एकाच मिस्त्रीसमोर घण मारला. मिस्त्री सांडशीने तापलेली पहार ऐरणीवर धरायचा आणि लहान हातोड्याने टिचकी द्यायचा. टिचकी पडेल तिथे पुढच्या क्षणी घण. मिस्त्रीने हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की थांबायचं. दिवसभरात दोघांचं दहा वाक्यंही बोलणं होत नसे.

भट्टीतून काढलेलं लोखंड लाल असतं तोवरच त्याला वळण देता येतं. पहारीच्या जाडीला हे पाऊण ते एक मिनिट टिकतं. त्याला ताव म्हणतात. रंग गेला, लोखंड काळं पडलं, की थांबायचं; त्यावर मारलेला प्रत्येक घाव फुकट जातो आणि वर तडाही पाडतो. मोजक्या एका तावाला बत्तीस घाव मारायचा. तेहेतिसावा त्याने कधी मारला नाही. "बाबा रे, एखादा जास्त पडला तर तुझ्या घरचं काय जातंय?" असं मिस्त्री पहिल्या वर्षी म्हणाला होता. "हाताचं वळण जातं," मोजक्या म्हणाला. मिस्त्रीने पुन्हा विचारलं नाही.

घरी आई आणि धाकटा भाऊ. वडील खाणीत दरडीखाली गेले तेव्हा मोजक्या सोळा वर्षांचा होता आणि धाकटा सहा. आई एका धुलाईखान्यात गरम पाण्यात हात घालून दिवस काढायची. त्यामुळे धाकट्याला वळण लावायचं काम मोजक्याकडे आलं. वळण लावायची त्याला एकच रीत ठाऊक होती. भट्टीच्या पंख्याचा जुना पट्टा घरी खुंटीला टांगलेला असे. शाळा बुडवली, पाच. खोटं बोलला, सात. आईला उलट उत्तर दिलं, दहा. रागाच्या भरात त्याने कधी हात उगारला नाही. पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करायचा, आकडा सांगायचा आणि तेवढेच मारायचा. आई स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसायची, म्हणजे आवाज कानावर यायला नको.

शेजारी म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मोजक्यालाही तसंच वाटायचं.

धाकटा पंधराचा झाल्यावर रडेनासा झाला. भिंतीला कपाळ टेकून तो स्वतःच मोठ्याने आकडे मोजायचा आणि शेवटी वळून म्हणायचा, "झालं का दादा? का अजून एक देतोस, वरकड?" अठराव्या वर्षी त्याने पट्टा धरला. त्या दिवसापासून मारणं बंद झालं. पण तोवर पोराच्या अंगात जे मुरायचं ते मुरलं होतं. गोदामात माल चढवायच्या कामावर त्याने एकाचा जबडा फोडला. दुसऱ्या कामावर मुकादमाच्या हातावर दार आपटलं. बायको आली आणि पाच महिन्यांत तोंड सुजवून माहेरी गेली, ती परतलीच नाही. मग घरात मारण्याजोगं कोणी उरलं नाही. आई सोडून.

मोजक्याच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. आईच्या दंडावर काळंनिळं दिसलं की तो विचारायचा आणि ती म्हणायची, "मोरीत घसरले." तो पुढे विचारत नसे.

ज्या दिवशी हे घडलं तो कामाचा साधा दिवस होता. दुपारचे साडेबारा वाजले असतील. पहार भट्टीत तापत होती, मिस्त्री पंख्याकडे बघत उभा होता. धाकटा शेडच्या दारातून आत आला. उजव्या हाताची बोटं सोललेली होती.

"दादा, घरी एक चक्कर मार जरा. म्हातारी पडलीय."

"कुठे पडली?"

"उंबऱ्यात. म्हणजे मी पाडली." तो हसला. "किती वेळ दार वाजवायचं माणसाने? उघडतच नाही. दोन लावल्या. तिसरी कानाखाली बसली, तशी आडवीच झाली. मी तर तुझ्या दहाला पण पडत नव्हतो, काय?"

मिस्त्रीने पहार बाहेर काढली. पिवळसर लाल, जशी हवी तशी. मोजक्याचे हात घणाच्या दांड्यावर होते.

"असा काय बघतोस?" धाकटा म्हणाला. "तुझ्याकडूनच शिकलो की. फक्त मी मोजत बसत नाही." आणि तो वळून कोपऱ्यातल्या नळाशी गेला, सोललेली बोटं धुतली आणि ओंजळ धरून पाणी प्यायला लागला.

मिस्त्रीने टिचकी दिली. मोजक्याने घण मारला.

ताव झाला. मग मोजक्या वळला, नळापाशी तीन पावलं चालत गेला आणि तोच घण भावाला मारला. पहिला घाव मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसला. हाड मोडल्याचा आवाज मिस्त्रीने ऐकला. सुकी फळी मोडते तसा, असं तो नंतर सांगायचा. धाकटा गुडघ्यांवर आला, नळाला धरून वर बघायला लागला. तोंडात पाणी होतं, ते लाल होऊन हनुवटीवरून गळलं. "दा—" एवढं म्हणाला. दुसरा घाव डोक्यात. तिसरा मारायची गरज नव्हती आणि मोजक्याने तो मारला नाही. नळ चालूच होता. सिमेंटच्या फरशीच्या उतारावरून पाणी आणि रक्त ऐरणीच्या पायापर्यंत आलं.

मोजक्याने घण रोजच्या जागी, डोकं खाली करून ठेवला. मिस्त्रीला म्हणाला, "भट्टी बंद करा." आणि तो पळत घरी गेला. पोलिसांना तो तिथेच सापडला. आई उंबऱ्यात बसलेली, डाव्या कानातून रक्त येऊन मानेवर वाळलेलं, आणि तो ओल्या फडक्याने ते पुसत होता. स्वतःच्या अंगावरचं रक्त त्याने पुसलं नव्हतं. आईला वाटलं तेही तिचंच.

पोलीस ठाण्यात पहिल्या रात्री त्याला बदडलं. ठाण्यात तो रिवाजच होता. "सख्खा भाऊ? सख्खा?" असं विचारत एक हवालदार तळपायांवर काठी मारत होता. हवालदार दमून बसला तेव्हा मोजक्या म्हणाला, "एकोणीस झाले." हवालदाराने मग आणखी सहा मारले, आकडा मोडायला.

दंडाधिकाऱ्यासमोर त्याने जबाब दिला. जबाब छोटा होता आणि त्यातल्या एका वाक्याने त्याचा घात केला. "भाऊ बोलला, मी ऐकलं. हातातला ताव पुरा केला, बत्तीस घाव. मग वळलो आणि त्याला मारलं."

कोर्टाने त्याला एक वकीलबाई दिल्या. किडकिडीत, चष्मेवाल्या, दर वाक्यानंतर पेनाचं टोपण लावणाऱ्या. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जबाबाचा कागद त्यांनी टेबलावर आपटला.

"हे वाक्य कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"कोणी नाही. खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच डोकं फिरलंय माझं. हे बघा, कायद्यात एक सोय आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ. समोरच्याने असं काही केलं की माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात त्याच्या हातून माणूस मेला, तर त्याला खून म्हणत नाहीत. शिक्षा कमी होते. जन्मठेपेऐवजी सात वर्षं, आठ वर्षं. पण ताबा सुटलेला असावा लागतो. आणि तुम्ही म्हणता, मी आधी काम पुरं केलं. मोजून!"

"तापलेलं लोखंड टाकून कसं जाणार?"

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तुमच्या आईला इथे आणून बसवू का, तिने सांगितलं म्हणजे कळेल?"

"बाई, माझं डोकं ठिकाणावर होतं. मी वेडा नाही. मी मारलं."

हाच त्याचा हेका होता. बराकीतले कैदी त्याची थट्टा करायचे. "घणोबा, अरे म्हण ना, चक्कर आली होती! मला तर दर चोरीला चक्कर येते." एकाने एकदा धाकट्यावरून काही घाण बोलून त्याच्या तोंडावर थाळी मारली. ओठ फाटला. मोजक्याने थाळी उचलून त्याच्या हातात परत दिली. त्यानंतर त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही.

खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी मिस्त्रीला साक्षीला बोलावलं.

"मयत बोलल्यावर आरोपी त्याच्या अंगावर धावला का?"

"नाही."

"काय केलं?"

"घण मारला. पहारीवर."

"नेहमीसारखा?"

मिस्त्रीने मोजक्याकडे एकदा पाहिलं. "नेहमीसारखा," तो म्हणाला. "त्याचं काम चोख असतं साहेब. कोणालाही विचारा."

"म्हणजे लोखंडाची काळजी होती, भावाची नव्हती."

"लोखंड गरम होतं साहेब," मिस्त्री म्हणाला. कोर्टात हशा पिकला. सरकारी वकीलही हसले, कारण त्यांचं काम झालं होतं. पाठमोरा, पाणी पिणारा माणूस. शांतपणे काम संपवून त्याच्याकडे चालत जाणारा दुसरा माणूस. यात ताबा कुठे सुटला?

मोजक्या पिंजऱ्यात ताठ उभा होता. चोख हा शब्द ऐकून त्याला बरं वाटलं, हेही खरं.

आठ दिवसांनी वकीलबाई तुरुंगात आल्या, त्या कागद न काढताच बोलायला लागल्या. एक ताव म्हणजे नेमका किती वेळ ते घड्याळ लावून बघायला त्या भट्टीवर गेल्या होत्या. मिस्त्रीने दाखवलं. बावन्न सेकंद. मग त्यांनी सहज विचारलं, त्या दिवशीची पहार कुठे आहे? मिस्त्रीने पंखा बघितला, छप्पर बघितलं, आणि ती शेडच्या मागून, गंजक्या पत्र्यांखालून काढून आणली.

"तुमच्या मिस्त्रीने लपवली होती. पोलिसांपासून नाही. तुमच्यासाठी. बिघडलेलं काम कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. पहार चिरलीय. त्यांनी हातोडा आडवा ठेवला होता, तरी तुम्ही थांबला नाहीत. लोखंड काळं पडलं तरी मारत होता. मला सांगताना त्यांची मान वर होत नव्हती."

"खोटं आहे," मोजक्या म्हणाला.

"मी पाहिलीय."

"मी बत्तीस मोजले. काळ्यावर मी मारत नाही. मला सोडवायला मिस्त्री काहीही सांगतील." तो उठून उभा राहिला. "ती पहार कोर्टात आणायची नाही."

पुढच्या तारखेला आई कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. ती दर तारखेला यायची. डावा कान कायमचा गेला होता, म्हणून शिपायाने मोजक्याला तिच्या उजव्या बाजूला उभं राहू दिलं, हातात बेडी ठेवून.

"बाई घरी आल्या होत्या," ती म्हणाली. "पहारीचं सांगितलं. तू नको म्हणतोस म्हणे."

"आई, माझ्या हातचं काम नाही ते."

"का रे? तुझ्या हातून काहीच बिघडत नाही?"

त्याने हातातल्या बेडीकडे बघितलं.

"धाकटा बिघडला तो कोणाच्या हातून? माझ्या आणि तुझ्या. मी भांडी वाजवत बसले, तू पट्टा मोजत बसलास. आता तुला तुझ्या कामाची अब्रू पडलीय. मला काय पडलंय ते विचार की." तिचा आवाज वाढला, कारण स्वतःचा आवाज तिला नीट ऐकू येत नव्हता, व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "मी बहात्तरची. जन्मठेप झाली तर माझ्या तिरडीला कोण आहे? एक गेला, दुसरा जिता असून नाही. सात-आठ वर्षं मी काढीन. दात आवळून काढीन. पण तू आत जाऊन खरं बोल."

"मला जे आठवतं ते खरंच बोललो."

"मग जे आठवत नाही ते बघ."

शिपायाने बेडीची दोरी ओढली.

मिस्त्री दुसऱ्यांदा साक्षीला आला तो बगलेत गोणपाटाचा लांब गुंडाळा घेऊन. गोणपाट सोडून त्याने पहार पुढच्या टेबलावर ठेवली आणि मागे सरकला, जणू ती अजून गरम होती. वकीलबाईंच्या प्रश्नांना त्याने खाली बघून उत्तरं दिली. हातोडा आडवा ठेवला. तो थांबला नाही. हाक मारली. ऐकली नाही. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. "मागच्या वेळी मी नेहमीसारखा म्हणालो ते चुकलं. त्याची लाज राखावी म्हणून म्हणालो."

सरकारी वकील उठले. "ही पहार त्याच दिवशीची कशावरून? तुमची भट्टी, तुमची ऐरण. मित्राला वाचवायला काल रात्री बिघडवली नसेल कशावरून?"

मिस्त्रीचं तोंड लाल झालं. "साहेब, मुद्दाम असं बिघडवायला मला येत नाही. आणि आलं तरी माझा हात धजणार नाही."

न्यायाधीशांनी पहार उचलून पाहिली आणि पिंजऱ्याकडे बघितलं. "आरोपीला दाखवा. ही तुझ्या हातची आहे का? विचार करून सांग. नाही म्हटलंस तर विषय संपला."

बेडी काढली. मोजक्याने पहार हातात घेतली. दीड वर्षानंतर हातात लोखंड आलं होतं. त्याने ती खिडकीकडे धरली आणि चपट्या टोकावरून अंगठा फिरवला. मागचा भाग गुळगुळीत होता. तापल्या लोखंडावरचे घाव एकमेकांत विरतात, तसे ते विरले होते. त्याचेच बत्तीस. त्याच्या पुढे खड्डे होते. काळ्यावर पडलेला घाव विरत नाही, वेगळा राहतो. एक कडेला, एक आडवा, तीन एकाच जागी, एकावर एक. मिस्त्रीने कधीच टिचकी दिली नसती अशा जागी. आणि टोकापासून वीतभर आत गेलेली चीर.

असं काम दुसऱ्या कोणी आणून दाखवलं असतं तर त्याने त्या माणसाला भट्टीवर उभं केलं नसतं.

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. आई उजवा कान पुढे करून बसली होती.

"माझी आहे," मोजक्या म्हणाला.

"कशावरून?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझा घण डावीकडे केसभर खोल बसतो. लहानपणी खांदा निखळला होता, म्हणून. मिस्त्री त्यासाठी पहार किंचित तिरकी धरतात, मग सारखा बसतो. हे खड्डे सगळे डावीकडे खोल आहेत. म्हणजे घण माझा, आणि मिस्त्रींनी धरायचं सोडलं होतं."

"तुला माहीत होतं, मी तिरकी धरतो ते?" मिस्त्री साक्षीदाराच्या जागेवरूनच म्हणाला.

"पहिल्या वर्षापासून."

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. "आपसात बोलू नका. तुझ्या जबाबात बत्तीस घाव म्हटलं आहे."

"बत्तीस मोजले साहेब. हे किती ते आत्ता बघतो." त्याने प्रत्येक खड्ड्यावर बोट ठेवलं, सावकाश, एकही न चुकवता, आणि आकडे मोठ्याने म्हटले. चौदा झाले. "हे चौदा मी मारले. पण तेव्हा कोणी मोजत नव्हतं. मी कुठे होतो मला सांगता येत नाही."

वकीलबाई उठायच्या बेतात होत्या, एवढ्यात तो पुन्हा बोलला.

"पण भावाला मारले ते दोन मला ठाऊक आहेत. ते मारले नाहीत असं मी म्हणणार नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीश लिहीत राहिले.

निकाल महिन्याने लागला. खुनाचा आरोप टिकला नाही. सदोष मनुष्यवध, आठ वर्षं, त्यातून भोगलेली दीड वजा. निकालपत्रात पहारीवर दीड पान होतं. आरोपीने घातकी हत्यार हातात असताना आधी काम पुरं केलं हे शांतपणाचं लक्षण नसून, हातांना ठाऊक असलेली एकच गोष्ट ते करत राहिले, आणि नंतर तीही त्यांना नीट करता आली नाही, अशा अर्थाचं काहीतरी. मिस्त्रीने ते वकीलबाईंकडून दोनदा वाचून घेतलं.

मोजक्याला बाहेर आणलं. व्हरांड्यात आई उभी होती. वकीलबाई तिच्या उजव्या कानाशी वाकून सांगत होत्या, साडेसहा वर्षं उरली, चांगलं वागलं तर त्याहून कमी. ती मान हलवत होती. मग ती पुढे आली. मोजक्या खाली वाकला, त्याला वाटलं तिला काही सांगायचंय.

तिने हात मागे नेला आणि त्याच्या कानाखाली दिली. धुलाईखान्यात पस्तीस वर्षं ओले कपडे पिळलेला हात होता. आवाज जिन्यापर्यंत गेला. मोजक्याचं डोकं भिंतीवर आपटलं, फाटून सांधलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं. शिपाई मध्ये पडला.

"अहो आजी! आत्ताच तर सुटला ना खुनातून?"

"कोर्टाने सोडला," ती म्हणाली. "माझा धाकटा गेलाय. त्याची आई पण मीच आहे."

तिने दुसऱ्यांदा हात उचलला. मोजक्याने तोंड बाजूला केलं नाही. हात वरच राहिला, आणि मग खाली येऊन त्याच्या दंडाला धरून राहिला. शिपायाने दोरी सैल सोडली. तिघं तसेच जिना उतरले, ती एकेका पायरीवर थांबत, आणि तुरुंगाची गाडी येईपर्यंत तिने दंड सोडला नाही.